लकवा आणि पेशींच्या पुड्या

आपल्या नळदुर्ग भागात ज्याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, तो पक्षाघात. बहुतेक रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते. काहींत ती फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र वेगळे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले तर जीवावर बेतेल. म्हणून आधी सीटी स्कॅन, मग इंजेक्शन. आणि तेही लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत.

"रक्त तपासून हे गावातच कळणार नाही का?" असे वाचक मला विचारतात. त्या दिशेने संशोधन चालू आहे. विषय आहे एक्सोसोम.

आपल्या शरीरातील पेशी अतिसूक्ष्म पुड्या बाहेर सोडतात. आकार ३० ते १५० नॅनोमीटर. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेत सुमारे १०,००० मावतील! १९८३ साली मेंढीच्या अपक्व तांबड्या पेशींत त्या आढळल्या, तेव्हा तो पेशींचा केरकचरा वाटला. पुढे कळले की, या पुड्यांतील प्रथिने व आरएनए एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवितात.

मेंदूला इजा झाली की तेथील पुड्या रक्तात उतरतात. पक्षाघाताच्या रुग्णांत त्यांतील काही आरएनए वाढलेले आढळले आहेत. उपचाराचीही आशा आहे. मेंदूभोवतीची तटबंदी बहुतेक औषधांना अडविते, एक्सोसोम मात्र ती ओलांडू शकतात. अमेरिकेत डेट्रॉइट येथे मायकेल चॉप यांच्या गटाने पक्षाघात झालेल्या उंदरांना मूलपेशींचे एक्सोसोम टोचले. त्यांची हालचाल सुधारल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय एक्सोसोम वेगळे काढणे वेळखाऊ आहे आणि प्रत्येक खेप सारखी निघत नाही. मान्यता नसलेल्या एक्सोसोम उपचारांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली लोकांना सावध केले होते. तेव्हा 'लकवा हमखास बरा करतो' म्हणणाऱ्यासाठी शेत विकू नका.

आज हाती आहे ती वेळ. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले की घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. तोंडात पाणी, गोळी काही घालू नका. चोळण्यात, कबुतराच्या रक्तात वेळ दवडू नका. सोलापूर तासाभराच्या वाटेवर आहे. इकडे मोठी रक्तवाहिनी तुंबली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. आणि रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका.