दिवाणखान्यातील प्रवाळभित्ती

प्रवाळ हा जेलीफिश आणि समुद्रफुले यांच्या गोत्रातील साध्या घडणीचा प्राणी असून, समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम शोषून तो स्वतःखाली चुनखडीची बैठक रचत जातो आणि अशा असंख्य जीवांच्या वसाहती एकावर एक वाढल्या की प्रवाळभित्ती उभी राहते. (अंगठीतले पोवळे हे मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाचे असते, भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांशी त्याचे नाते दूरचे आहे.) भित्ती बांधणाऱ्या प्रवाळाच्या ऊतींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले राहतात, ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. म्हणूनच या प्राण्याला झाडाप्रमाणे भरपूर प्रकाश लागतो, पाणी नितळ लागते, त्यात खतासारखी द्रव्ये अगदी कमी असावी लागतात आणि तापमान जवळजवळ अचल राहावे लागते. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी अवघे एक अंश अधिक तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तरी प्रवाळ आपली शैवाले गमावतो आणि पांढरा पडतो. घरात प्रवाळांची मोठी टाकी उभारू पाहणाऱ्याला हे सारे समुद्राचे काम यंत्रांकडून करवून घ्यायचे असते, आणि म्हणून अशा टाकीचा विचार प्राण्यांपासून नव्हे, तर जमीन, पाणी, वीज आणि कायदा यांपासून सुरू करावा लागतो.

या छंदाला मोठा इतिहास आहे. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्याचे काम मोलकरणीकडे सोपवले. त्या काळी टाकीतल्या लाटा मोलकरणीच्या हातांवर चालत होत्या. उष्ण कटिबंधातले प्रवाळ घरी जगवण्याचा मार्ग मात्र विसाव्या शतकात सापडला. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सूक्ष्मजीवांनी भरलेले समुद्रातले खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावरच भिस्त होती. पुढे बर्लिनमधील हौशी लोकांनी तिला फेस काढणाऱ्या यंत्राची आणि प्रखर दिव्यांची जोड दिली, आणि आजही जगभरातील बहुतेक टाक्या थोड्याफार फरकाने याच बर्लिन पद्धतीवर चालतात.

टाकी जितकी मोठी तितके तिच्यातील बदल संथ, हा पहिला नियम होय. शंभर लिटर पाण्यात एखादा मासा मेला आणि नजरेआड कुजला तर दुसऱ्या दिवशी सगळ्या टाकीवर संकट येते. दीड-दोन हजार लिटरांत तेच विष पातळ होऊन जाते आणि उपाय करायला अवधी मिळतो. परंतु मोठेपणाची किंमत सर्वप्रथम इमारतीला मोजावी लागते. उदाहरणादाखल ८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकी घेतली, तर तिचे आकारमान ६० घनफूट, म्हणजे सुमारे १,७०० लिटर होते. पाणी व खडक मिळून १,८०० किलो, १९ मिलिमीटर जाडीच्या काचा साडेतीनशे किलो, लोखंडी स्टँड दीडशे किलो आणि पाणी गाळण्यासाठी खाली ठेवलेली दुसरी टाकी पाण्यासह साडेतीनशे किलो धरली, तर एकूण भार साडेसव्वीसशे किलोंच्या आसपास जातो आणि तो केवळ सव्वादोन चौरस मीटर जागेवर पडतो. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार धरून आखलेला असतो. येथे तो जवळजवळ सहापट होतो. मानकातील हा आकडा संपूर्ण खोलीवर सारखा पसरलेल्या भाराचा असल्यामुळे सहापट म्हणजे स्लॅब कोसळणारच असे नव्हे, पण हा भार वर्षानुवर्षे हलणार नसल्याने टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईवर ठेवायची की तिच्या लगत, आडवी की उभी, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने इमारतीचे नकाशे पाहून ठरवायला हवे. टाकी विकणाऱ्याचे ‘काही होत नाही हो’ हे आश्वासन त्या जागी चालत नाही. तळमजल्यावर थेट जमिनीवर बसवलेली फरशी असेल तर यातला बराचसा प्रश्न उरतच नाही.

काचेवरचा दाब टाकीच्या लांबीवर नव्हे, पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, त्यामुळे उंच टाकीपेक्षा रुंद टाकी स्वस्त पडते, सुरक्षित असते आणि खडकांच्या रचनेला खोलीही देते. तीन फुटांहून उंच टाकीत तळाशी हात पोहोचत नाही, आणि जिथे हात पोहोचत नाही तिथली साफसफाई कालांतराने बंद पडते.

मुख्य टाकीतील पाणी वरच्या काठावरून सांडून नळावाटे खालच्या टाकीत, म्हणजे ‘सम्प’मध्ये उतरते, तिथे गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. वीज गेली की पंप थांबतो, आणि वर पाणी सोडणाऱ्या नळाचे तोंड पाण्याखाली असेल तर तोच नळ उलटा वाहू लागून तोंड उघडे पडेपर्यंत पाणी खाली ओढत राहतो. वरील मापाच्या टाकीत हे तोंड पृष्ठभागाखाली १० सेंटिमीटरवर असेल तर सव्वादोनशे लिटर पाणी खाली येते, दोन सेंटिमीटरवर ठेवले तर केवळ पंचेचाळीस. पहिल्या परिस्थितीत खालच्या टाकीत तेवढी जागा राखलेली नसेल तर खारे पाणी दिवाणखान्यातून खालच्या शेजाऱ्याच्या छतात उतरते. उलटा प्रवाह रोखणारी झडप बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तिच्यात चुन्याचे खडे आणि गोगलगायी अडकतात, म्हणून तिच्या भरवशावर राहू नये. नळाचे तोंड वर ठेवावे आणि टाकीत प्राणी सोडण्यापूर्वी मुद्दाम मेन स्विच बंद करून पाणी कुठवर चढते ते पाहावे. जोडकामासाठी पीव्हीसी पाइपच वापरावा, कारण पितळी कॉक किंवा तांब्याची नळी यांतून झिरपणारे तांबे कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते.

नळाचे पाणी पिण्यायोग्य असले तरी त्यातील क्लोरिन जीवांना घातक ठरतो, तर फॉस्फेट आणि सिलिका शैवालाला खत पुरवतात, म्हणून पाणी आरओ यंत्रातून आणि नंतर आयन काढून घेणाऱ्या रेझिनमधून जाऊ द्यावे लागते. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी सोडून देते, म्हणजे ही टाकी एकदा भरायला पाचेक हजार लिटर पाणी बाहेर जाते. ज्या शहरात टँकरवर दिवस काढावे लागतात तिथे हे पाणी धुण्याभांड्याला वळवण्याची सोय आधीच करून ठेवणे शहाणपणाचे. शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे एकूण साठ किलो मत्स्यालयाचे मीठ विरघळवले की समुद्राची खारटी येते. स्वयंपाकाचे मीठ येथे उपयोगाचे नाही, कारण समुद्रातल्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर अनेक क्षार ठरावीक प्रमाणात असतात. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. रोज पंधरा-वीस लिटर पाणी उडून गेल्यावर खारटी वाढत जाते, म्हणून घट भरताना खारे पाणी कधीही न घालता शुद्ध पाणीच घालायचे असते, आणि ते काम तरंगत्या स्विचवर चालणारे छोटे यंत्र माणसापेक्षा नेमाने करते.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, जो अगदी थोड्या प्रमाणातही मारक असतो. खडकांच्या सच्छिद्र पोटात राहणारे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जीवाणू हळू वाढत असल्याने नव्या टाकीत ही साखळी बसायला साधारण महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर टाकीत केवळ पाणी, खडक व अमोनियाचा थोडासा खुराक एवढेच असते. पुढील काही महिन्यांत खडकांवर प्रथम तपकिरी थर चढतो, मग हिरव्या झिपऱ्या येतात आणि बऱ्याच काळाने जांभळे चुनखडी शैवाल दिसू लागते. पहिल्या दोन अवस्था पाहून धीर सोडणारे आणि रोज नवी बाटली ओतणारे बरेच असतात. बाटल्यांपेक्षा येथे थांबण्याचाच गुण अधिक येतो. कुजण्यापूर्वीच सेंद्रिय द्रव्य बाहेर काढण्यासाठी प्रोटीन स्किमर वापरतात. त्याच्या उभ्या नळीत सोडलेल्या सूक्ष्म बुडबुड्यांना प्रथिने चिकटतात आणि त्यांचा तपकिरी, उग्र वासाचा फेस वरच्या पेल्यात साचतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर साचणारा फेसही बव्हंशी याच तत्त्वाने तयार होतो.

प्रकाश, प्रवाह आणि थंडावा यांवर विजेचे बिल ठरते. दिव्यांत निळ्या रंगाचे, ४२० ते ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रमाण अधिक ठेवतात, कारण शैवालांना तोच भाग विशेष उपयोगी पडतो. प्रवाह एकाच दिशेने मारण्यापेक्षा आलटून पालटून दोन्ही बाजूंनी दिलेला चांगला. नाजूक फांद्यांच्या प्रवाळांसाठी तासाला टाकीच्या तीस-चाळीसपट, म्हणजे येथे पन्नास ते सत्तर हजार लिटर पाणी फिरवावे लागते. मुंबईत मे महिन्यात खोलीच तेहतीस अंशांवर असते आणि पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर हवे असते, म्हणून चिलर लागतो. त्याची गरम हवा त्याच खोलीत सोडली तर तो स्वतःशीच झगडत राहतो, सबब तो बाल्कनीत किंवा बाहेर ठेवावा. दिवे रोज ९ तास ७०० वॅट, पंप अहोरात्र ३५० वॅट आणि चिलर १० तास १ किलोवॅट असा हिशेब केला तर दिवसाला पंचवीस, महिन्याला साडेसातशे युनिट होतात, आणि टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या दरात ते घराच्या नेहमीच्या वापरावर जाऊन बसतात. वीज गेल्यावर प्रथम संपतो तो ऑक्सिजन. म्हणून इन्व्हर्टरवर दिवे व चिलर न टाकता प्रवाहाचा एखादा पंप तेवढा टाकावा.

प्रवाळ वाढू लागले की रसायनाचा खेळ सुरू होतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे संपूर्ण टाकीत जेमतेम सातशे ग्रॅम. भरगच्च टाकीत दिवसाला लिटरमागे दहा मिलिग्रॅम जरी खर्ची पडले तरी पाच दिवसांत कॅल्शियम आठव्या भागाने घटते, परंतु त्याच्या जोडीने खर्च होणारी क्षारता, म्हणजे पाण्यातील कार्बोनेटांचा साठा, तेवढ्या अवधीत जवळजवळ संपून जाते. म्हणून अनुभवी लोक कॅल्शियमपेक्षा क्षारता अधिक वेळा मोजतात. दोन्हींची भरपाई करण्याचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे चुन्याची निवळी. शुद्ध चुना शुद्ध पाण्यात कालवून, गाळ तळाशी बसू देऊन, वरचे स्वच्छ पाणी थेंबाथेंबाने टाकीत सोडायचे; उडालेल्या पाण्याच्या जागी हीच निवळी दिली की एका कामात दोन कामे होतात. ती अतिशय दाहक असल्याने एकदम ओतली तर प्राणी मरतात, आणि रात्री शैवालांचे काम थांबून पाण्याचा पीएच उतरतो तेव्हा ती देणे सोयीचे ठरते. प्रवाळांची भूक उडणाऱ्या पाण्याच्या मानाने फार वाढली की कार्बन डायऑक्साइडने प्रवाळांचा चुरा विरघळवणारे यंत्र जोडतात.

भारतात मात्र हे सारे जुळवण्याआधी कायद्याचा विचार करावा लागतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून भित्ती बांधणारे सर्व अश्मप्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गनपाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. मन्नारच्या आखातातून उचललेला ‘जिवंत खडक’ शहरातल्या दुकानात बादलीत मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही, आणि मालवणच्या किनाऱ्यावर वाहून आलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून घरी आणणेही कायद्याच्या भंगातच मोडते. परदेशी पैदास असल्याचे सांगून विकल्या जाणाऱ्या अश्मप्रवाळांनाही ‘सर्व’ या शब्दातून सूट मिळत नाही; शिवाय सर्व अश्मप्रवाळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. जर्मनीत किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला पैदास केलेल्या प्रवाळाची फांदी दुकानातून सहज विकत घेता येते, पुण्यातल्या भावंडाला नाही. म्हणून येथे मोठी टाकी बांधणाऱ्याने सिमेंटचे किंवा भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक रचून, त्यांवर बाटलीतले जीवाणू वाढवून, मासे केंद्रस्थानी ठेवावेत आणि प्रवाळवर्गातील कोणताही जीव घेण्याआधी वनविभागाकडे लेखी चौकशी करावी, हेच योग्य होय. त्यात फारसे गमावल्यासारखे काही नाही: केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या बंदिस्त पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे, आणि पैदास केलेला मासा समुद्रातून सायनाइड फवारून पकडलेल्या माशापेक्षा कितीतरी टिकाऊ असतो.

मासे आणल्यावर ते थेट मोठ्या टाकीत सोडणे ही मात्र महागात पडणारी घाई होय. समुद्री माशांवर पांढरे ठिपके आणणाऱ्या क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीवर तांब्याचे औषध चालते, पण जिथे कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ आहेत तिथे ते घालता येत नाही, आणि एकदा परजीवी शिरला की मासे बाहेर काढून टाकी सुमारे अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. त्याऐवजी वेगळ्या साध्या टाकीत महिनाभर नवे मासे राखणे केव्हाही सोपे.

कोकणात गावी गणपती असणाऱ्या घराने आणखी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. कुटुंब आठ-दहा दिवस गावी जाते आणि किल्ली शेजाऱ्यांकडे असते. शेजारी प्रेमापोटी मूठभर खाणे टाकतात आणि अमोनिया वाढतो, म्हणून रोजच्या खाण्याच्या पुड्या बांधून, त्यांवर वार लिहून, डबा कपाटात कुलूपबंद करून फक्त त्या दिवसांच्या पुड्या बाहेर ठेवणे बरे. खालच्या टाकीत पाण्याची किमान रेघ रंगाने आखावी, शुद्ध पाण्याची टाकी काठोकाठ भरून ठेवावी, आणि वीज गेल्यास काय करायचे ते चार ओळींत मराठीत लिहून मेन स्विचजवळ चिकटवावे.