फड आपला, तंबू दुसऱ्याचा!

पूर्वी तमाशाच्या फडमालकाला किती उस्तवार करावी लागे! तंबू, कनाती, ढोलकीवाला, सोंगाड्या, आणि पावसाळ्यात या साऱ्यांना पोसण्यासाठी सावकाराची उचल. एवढे जमले की नारायणगावला राहुटी टाकायची आणि यात्रेच्या सुपारीची वाट पाहायची. आजचा विशीतला पोरगा मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून ठेवतो, समोर उभा राहतो आणि म्हणतो, "नमस्कार मंडळी!" झाला फड उभा. प्रेक्षक कराडला, कुर्ल्याला आणि कॅलिफोर्नियालासुद्धा!

मौज आहे खरी. पण गल्ला कोणाच्या पेटीत पडतो, हे पाहायची मला फार दिवसांची हौस. तोच हिशेब आज वाचकांपुढे मांडतो.

गल्ल्याचा हिशेब

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ चढला २३ एप्रिल २००५ रोजी. अवघा १९ सेकंदांचा. एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून त्यांच्या सोंडांविषयी बोलतो, एवढाच त्याचा विषय. पुढच्याच वर्षी गूगलने हे दुकान १६५ कोटी डॉलरला विकत घेतले, आणि २००७ पासून जाहिरातीच्या पैशांत व्हिडिओ करणाऱ्यांनाही वाटा मिळू लागला. आज लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींचे १०० रुपये जमले तर त्यांतले ५५ त्याच्या पदरात पडतात.

ऐकायला झकास! पण या वाट्याचा उंबरठा उंच आहे. १,००० सबस्क्रायबर हवेत, आणि वर्षभरात लोकांनी ४,००० तास आपले व्हिडिओ पाहिलेले हवेत. एकेक माणूस सरासरी चार मिनिटे थांबला, असे धरा. म्हणजे ६०,००० वेळा कोणीतरी थांबायला हवे. शिवाय अमेरिकेतल्या प्रेक्षकामागे जाहिरातदार जेवढे मोजतो, तेवढे आपल्याकडच्या प्रेक्षकामागे मोजत नाही.

माझा भाचा सांगलीला एका कारखान्यात हिशेब लिहितो आणि रविवारी किल्ले पालथे घालून त्यांचे व्हिडिओ करतो. दीड वर्षाने त्याने हा उंबरठा ओलांडला. पहिले १०० डॉलर साठेपर्यंत पैसे हाती पडत नाहीत. ते साठायला आणखी पाच महिने गेले. पेढे आले, आणि पेढ्यांमागोमाग प्रश्न आला, "मामा, नोकरी सोडू का?" ताईने माझ्याकडे असे काही पाहिले, की माझा घास तोंडातच राहिला.

आजी आणि मसाला

त्याच्यासारख्या मुलांपुढे उदाहरणे असतात ती जिंकलेल्यांची. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमनताई धामणे यांनी नातवाच्या मदतीने 'आपली आजी' हे चॅनेल काढले, आणि सत्तरीतल्या आजीच्या हातची कारल्याची भाजी लाखो लोकांनी पाहिली. २०२० च्या ऑक्टोबरात कोणा भामट्याने हे चॅनेलच पळवले. काही दिवसांनी ते परत मिळाले म्हणून बरे! चुलीवरचे पातेले चोरीला गेले तर दुसरे आणता येते. चॅनेल कोठून आणणार?

मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत असताना पाककृतींचे व्हिडिओ सुरू केले. पुढे त्यांनी स्वतःचे मसाले बाजारात आणले. २०१६ साली निघालेल्या 'भाडिपा'ने मोबाइलच्या पडद्यावर हसवता हसवता प्रत्यक्ष रंगमंचावरही कार्यक्रम केले. ही मंडळी नुसत्या जाहिरातीवर विसंबली नाहीत. पाहणाऱ्यांतून त्यांनी गिऱ्हाईक आणि तिकीट काढणारा रसिक मिळवला.

अमेरिकेतला 'मिस्टरबीस्ट' म्हणजे या धंद्यातला चक्रवर्ती. त्याने २०२२ साली चॉकलेटचा कारखानदारी व्यवसाय काढला. २०२४ चे त्याचे आकडे पाहण्यासारखे आहेत: चॉकलेटने नफा दिला, आणि अचाट खर्चाच्या व्हिडिओंच्या धंद्याने तोटा! व्हिडिओ म्हणजे दवंडी. पोट भरले ते दुकानाने.

एका रात्रीत

ज्याने नुसतीच दवंडी पिटली, त्याचे काय होते, हे २९ जून २०२० रोजी दिसले. सरकारने त्या दिवशी टिकटॉकसह ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. बंदीच्या कारणांचा वाद येथे नको. पण टिकटॉकवर खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पोरापोरींनी नाव कमावले होते. सकाळी उठून पाहतात तो ना तंबू, ना प्रेक्षक! कला शाबूत होती, कष्ट करायची तयारी होती. पण पाहणाऱ्यांपैकी एकाचाही पत्ता त्यांच्या वहीत नव्हता. काहींनी दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून मांडामांड केली, काही मुकाट्याने जुन्या कामाला लागले.

तमाशाच्या फडमालकाला कर्ज असे, पण तंबू बहुधा त्याचा असे. आणि गावचे पंच त्याला तोंडाने ओळखत. इथे कोणाचा खेळ कोणापुढे न्यायचा, हे यंत्र ठरवते, आणि त्या यंत्राचे नियम मालक हवे तेव्हा बदलतो.

म्हणून भाच्याला मी सांगितले, "बाळ, नोकरी आत्ताच सोडू नकोस. आधी किल्ल्यांवर माणसे घेऊन जायला लाग. दर महिन्याला पंधरावीस जण पैसे देऊन तुझ्याबरोबर चढले, त्यांची नावे नि फोन तुझ्या वहीत राहिले, आणि असे वर्षभर चालले, की मग राजीनामा लिही. मसुदा मी तपासून देईन."

गेल्या महिन्यात तो अकरा जणांना घेऊन विशाळगडावर गेला होता. ताईने सगळ्यांना पुरतील एवढ्या दशम्या बांधून दिल्या. पंधराला अजून चार कमी आहेत.