कळपाचा मेंढा निवडताना

मेंढी वर्षाला एखाद-दुसरं कोकरू देते. मेंढा मात्र एका हंगामात पंचवीस-तीस मेंढ्यांच्या पोटी आपलं रक्त पेरतो. म्हणून बाजारात दिसला तगडा, आणला घरी, असं करू नये. त्याची आई दुधाला कशी होती, तो जुळ्यातला का, हे आधी विचारावं.

मग जनावर हाताखाली घ्यावं. खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकतात का, हे ओठ वर करून बघावं. जबडा पुढे-मागे असेल तर चरणं अपुरं पडतं, आणि तो दोष पिल्लांत उतरू शकतो. खूर, पाय बघावेत. दोन्ही वृषण चाचपावेत: सारखे, भरीव, बिनगाठीचे हवेत. एकच उतरलेला असेल तर मेंढा कितीही देखणा असो, सोडून द्यावा. वीर्य तयार व्हायला सात-आठ आठवडे लागतात, त्यामुळे नुकताच तापातून उठलेला मेंढा लगेच कळपात सोडू नये.

माडग्याळी मेंढा उंच, झपाट्याने वाढणारा, म्हणून त्याला मागणी. जुळी हवी असतील तर फलटणच्या निंबकर संस्थेची ‘नारी सुवर्णा’ बघावी. सुंदरबनच्या गरोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक तिथे दख्खनी रक्तात आणलं आहे. पण चारा-पाणी तुटपुंजं असेल तर जुळी जगवणं अवघड, हे आधी ध्यानात घ्यावं.

दोन वर्षांनी मेंढा बदलावाच, नाहीतर तो स्वतःच्याच लेकींवर जातो.