गाडी बेनापोलला खाली होईपर्यंत

लासलगावच्या बाजार समितीत सकाळी लिलावाची गडबड सुरू व्हायच्या आधी व्यापाऱ्यांच्या बोलण्यात दोन हजार किलोमीटरवरची, बांगलादेश सीमेलगतची गावं येतात. पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली. कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ती पाहिली असतील. पण ‘बॉर्डर चालू आहे का?’ याचं उत्तर काय येतं, यावर त्यांच्या ट्रॅक्टरमधल्या मालाची बोली चढते किंवा उतरते. वरूड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांचंही तेच आहे. आंबिया बहाराची फळं रंगावर आली की त्यांचं लक्ष नागपूरच्या बाजाराइतकंच बंगालच्या सीमेकडे लागतं. आपल्या शेतकऱ्याचं वर्ष ज्या फाटकावर ठरतं ते फाटक तरी कसं आहे, हे एकदा पाहायचं मनात होतं. म्हणून मी पेट्रापोलजवळच्या बनगावला गेले.

कोलकात्याहून पेट्रापोल साधारण ऐंशी किलोमीटर. बारासात सोडलं की जशोर रोड अरुंद होत जातो. दोन्ही बाजूंना विलायती शिरीषाची अजस्र झाडं आहेत, त्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या. १९७१ साली याच रस्त्याने निर्वासितांचे लोंढे आले आणि याच झाडांखाली त्यांनी पालं ठोकली. आज त्याच झाडांमधून दहाचाकी आणि चौदाचाकी गाड्या एकमेकींना चुकवत सरकतात. रेल्वे फाटकांवर पाच उड्डाणपूल बांधण्यासाठी झाडं तोडायची की नाही, हा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२३च्या फेब्रुवारीत ३०६ झाडं तोडायची परवानगी मिळाली. त्या सावलीतून जाताना मला ती परवानगी बोचली. पुढे हाबऱ्यापाशी फाटक पडलं आणि गाड्यांची रांग नजर पोचेल तिथपर्यंत लागली, तेव्हा ती मागणाऱ्यांचंही म्हणणं समजलं.

बनगाव फाळणीआधी जशोर जिल्ह्यात होतं. रॅडक्लिफ निवाडा १७ ऑगस्ट १९४७ला जाहीर झाला आणि बनगाव भारतात आलं. जिल्ह्याचं ठिकाण पलीकडे राहिलं. पुढची सरकारी हकिगत थोडक्यात सांगता येते. २०१६च्या जुलैत इथे एकात्मिक तपासणी नाक्याचं उद्घाटन झालं. पुढच्या वर्षी ऑगस्टपासून नाका चोवीस तास चालू झाला. २०२४च्या ऑक्टोबरात नवं प्रवासी टर्मिनल आणि मालवाहू ट्रकांसाठी ‘मैत्री द्वार’ नावाचं दुसरं फाटक उघडलं. भारत आणि बांगलादेश यांच्यातल्या जमिनीवरून होणाऱ्या व्यापारापैकी मूल्याने जवळजवळ ७० टक्के व्यापार या एका ठिकाणाहून होतो. २०१६-१७ साली इथून १८,७९९ कोटी रुपयांचा माल आला-गेला, २०२३-२४ साली ३०,४२१ कोटींचा. वजनकाटे, गोदामं, शीतगृह, माल तपासायचे फलाट, सगळं प्रशस्त आणि नीट आखलेलं आहे.

मी मात्र रेंगाळले ते एका कागदापाशी. त्याला तिथे ‘कार पास’ म्हणतात.

सिन्नरकडचा एक ड्रायव्हर कांद्याची गाडी घेऊन आला होता. मराठी कानावर पडलं तसा तो केबिनमधून खाली उतरला. खूप वर्षं याच मार्गावर आहे, कांद्याच्या हंगामात कांदा आणि एरवी मिळेल तो माल. तो बांगलादेशात कितीदा गेला याची त्यालाच गणती नाही, पण त्याच्याकडे पासपोर्ट नाही. कधीच नव्हता. सीमाशुल्क खात्याचा तो कार पास, गाडीची कागदपत्रं आणि ओळखपत्र, एवढ्यावर गाडी आणि माणूस शून्य रेषा ओलांडतात. पण जायचं ते पलीकडच्या बेनापोलच्या भू-बंदर आवारापर्यंतच. त्या आवाराच्या भिंतीपलीकडचं गाव त्याने पाहिलेलं नाही. माल उतरला की त्याच पासावर परत.

हा पास हातात यायच्या आधी बरंच काही व्हावं लागतं. क्लिअरिंग एजंट सीमाशुल्क खात्यात शिपिंग बिल भरतो. गाडीचा नंबर लागला की ती आवारात घ्यायची, काट्यावर चढवायची. तपासणी होते, सीमा सुरक्षा दलाचे जवान पाहतात आणि मग फाटक. पलीकडे बेनापोलच्या बंदरात पुन्हा नोंद, पुन्हा काटा. तिथला आयातदार आपली कागदपत्रं दाखल करतो, शुल्क भरतो. तोवर गाडी उभी. शुल्क भरल्याचा निरोप आला की बांगलादेशी ट्रक मागे घेत घेत आणून भारतीय गाडीच्या पाठीला पाठ लावतात आणि हमाल गोण्या या फाळक्यावरून त्या फाळक्यावर टाकायला लागतात. नाशिकला ज्या गोण्या एकदा माणसाच्या पाठीवरून चढल्या, त्या बेनापोलला दुसऱ्यांदा माणसाच्या पाठीवर येतात. सुताचे कोन असोत, यंत्रांचे भाग असोत की रसायनांची पिंपं, सगळ्यांची हीच गत. भारतीय ट्रक बेनापोलच्या पुढे ढाक्याला जात नाही.

हे असंच चालावं असं कोणाचंही म्हणणं नाही. १५ जून २०१५ रोजी थिंफूमध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी मोटार वाहन करारावर सह्या केल्या, त्यानुसार गाड्या थेट जाणार होत्या. कोलकाता-ढाका-आगरतळा अशी चाचणीची फेरीही त्याच वर्षी झाली. पुढे भूतानने करार मंजूर केला नाही, उरलेल्या तिघांची बोलणी नियमावलीत अडकली आणि माल आजही पाठीला पाठ लावूनच हलतो. जागतिक बँकेने २०२१ साली या मार्गाचा अहवाल काढला. पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला मालाला सरासरी १३८ तास लागतात, त्यातले २८ तास निव्वळ एका गाडीतून दुसऱ्या गाडीत माल भरण्यात जातात, असं त्यात नोंदलं आहे. इतकीच वर्दळ असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमांवर हेच काम सहा तासांच्या आत होतं. त्याच अहवालानुसार भारतातल्या कंपनीला बांगलादेशातल्या कंपनीशी व्यापार करण्यापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीतल्या कंपनीशी करणं १५ ते २० टक्के स्वस्त पडतं. ज्या दोन देशांमध्ये चार हजार किलोमीटरहून लांब सीमा आहे, त्यांच्याबद्दल हे वाक्य वाचताना मन खट्टू होतं.

आमच्याकडे वाहतूकदार याला एका शब्दात ‘खोटी’ म्हणतात. गाडीची खोटी झाली म्हणजे भाडं बुडालं, हप्ता थकला, पुढची फेरी गेली. त्या ड्रायव्हरने हिशेब फार थोडक्यात सांगितला. “ताई, चालवायला चार दिवस, उभी करायला आठ.” तरी कांदा नाशिवंत, त्याला रांगेत प्राधान्य असतं. मागे एकदा त्याने कापसाच्या गाठी आणल्या होत्या, तेव्हा तीन आठवडे तो बनगावात अडकून होता. म्हणून लांबून येणारे कितीतरी मालक आपली गाडी रांगेत लावतच नाहीत. बनगावच्या गोदामात माल उतरवतात, तिथून स्थानिक ट्रक तो सीमेवर नेतो आणि वाट पाहायचं कामही तोच ट्रक करतो. म्हणजे माणसाच्या पाठीवर तिसरी चढउतार.

या थांबण्यावरच बनगावचा संसार उभा आहे. कालीतलाचा ट्रकतळ, गोदामं, पंक्चर काढणारे, टायरवाले, डाळभाताची हॉटेलं, चलन बदलून देणारे, क्लिअरिंग एजंटांची एका खोलीची ऑफिसं, हमालांच्या टोळ्या. शेतीला जोड म्हणून मोठा कारखाना या भागात नाही. आहे ती सीमा. वर्षानुवर्षं तळावर रोजाने पैसे घेत, आणि गाडी जितकी जास्त थांबेल तितकी तळाची कमाई. २०२२ साली राज्य सरकारने ‘सुविधा’ नावाची ऑनलाइन नोंदणी आणली, गाडीला वेळ आधी ठरवून मिळू लागली आणि आठवड्यांची रांग दिवसांवर आली. हा बदल मला इथल्या कोणत्याही इमारतीपेक्षा मोठा वाटतो. निर्यातदाराचे पैसे वाचले, नाशिकच्या गाडीचा महिन्याला एखादा फेरा वाढू शकला. पण रांगेवर जगणाऱ्या चहावाल्याचं आणि तळावरच्या पोरांचं काम त्याच दिवसापासून आटलं, आणि त्यांच्यासाठी दुसरी सोय कोणी केली नाही. २०२०च्या टाळेबंदीत इथला व्यापार थांबला, तो पुन्हा मार्गी लागायला जून उजाडला. तेव्हा या गावाने फाटकाशिवायचे महिने कसे असतात ते पाहून घेतलं आहे.

फाटक रुंद झालं, रांग आखडली. माल जाईल की नाही हे मात्र फाटकावर ठरतच नाही. ते दिल्ली आणि ढाक्यातल्या अधिसूचनांवर ठरतं, आणि अधिसूचना रात्रीतून निघते.

२९ सप्टेंबर २०१९ला भारताने कांद्याची निर्यात बंद केली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. उद्योजकांसमोर त्या हिंदीत म्हणाल्या की आपल्या स्वयंपाक्याला आपण जेवणात कांदा घालू नकोस असं सांगितलं आहे. आणि पुढच्या वेळी आधी कळवा, म्हणजे दुसरीकडून तरी आणता येईल, अशी विनंतीही केली. सभागृहात हशा पिकला. त्या नोव्हेंबरात बांगलादेशात कांदा किलोला दोनशे टक्यांच्या वर गेला आणि तिथल्या सरकारने तो विमानाने आणवला.

दुसऱ्या वर्षी, १४ सप्टेंबर २०२०ला, पुन्हा बंदी आली. पुन्हा न कळवता. त्या दिवशी पेट्रापोल, घोजाडांगा आणि महदीपूरला कांद्याच्या शेकडो गाड्या ताडपत्रीखाली उभ्या होत्या. भाद्रपदातली दमट हवा, गोण्यांना सुटलेलं पाणी, कोंब. पाच दिवसांनी अडकलेल्यांपैकी २५ हजार टन कांदा सोडायची मुभा मिळाली, तोवर त्यातला बराचसा फेकण्याच्या लायकीचा झाला होता. २०२३मध्ये आधी ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क, मग किमान निर्यातमूल्य, मग डिसेंबरात पूर्ण बंदी. ती मे २०२४मध्ये उठली, शुल्क २०२५च्या एप्रिलमध्ये गेलं. शहरातल्या ग्राहकाला कांदा परवडावा, ही चिंता खोटी नाही. पण त्या प्रत्येक निर्णयाच्या दिवशी गाडीत भरून वाटेला लागलेला माल कोणाचा तरी होता, आणि बंदीगणिक ढाक्याचा व्यापारी इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तानकडे वळायला शिकला. बांगलादेशाने स्वतःची लागवडही वाढवली. हातचं गिऱ्हाईक आपणच दुसऱ्यांकडे धाडलं, असं चांदवड-निफाडकडचे शेतकरी म्हणतात, ते मला पटतं.

संत्र्याचं दुखणं उलट बाजूने आलं. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा सगळ्यात मोठा परदेशी ग्राहक. २०१९ साली तिथलं आयातशुल्क किलोमागे २० रुपयांच्या घरात होतं, ते दरवर्षी वाढत २०२३ साली ८८ रुपयांवर गेलं. वरूडला प्रतवारी करून, मेण चढवून कॅरेटमध्ये भरलेलं फळ बेनापोलला पोचेपर्यंत शुल्कच फळाच्या किमतीपेक्षा जड होऊ लागलं. महाराष्ट्र सरकारने शुल्काच्या निम्म्या रकमेचं अनुदान जाहीर केलं, त्यासाठी सुमारे १७० कोटींची तरतूद सांगितली. अनुदानाने एक हंगाम सावरतो. जो माल जात नाही तो नागपूर-अमरावतीच्या बाजारातच ओतला जातो आणि निर्यातीशी संबंध नसलेल्या बागायतदाराचाही भाव पाडतो.

ऑगस्ट २०२४मध्ये ढाक्यात सत्ता उलटली. काही दिवस फाटक बंद राहिलं, मग माल पुन्हा सुरू झाला; पण दोन्ही सरकारांमधला विश्वास परत आला नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये बांगलादेशाचा तिसऱ्या देशांकडे जाणारा माल भारतीय बंदरांतून आणि विमानतळांवरून पाठवायची सवलत भारताने काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशाने जमिनीवरून येणारं भारतीय सूत थांबवलं. १७ मे रोजी भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना सगळी जमिनीवरची नाकी बंद केली. ते फक्त कोलकाता आणि न्हावा शेवा बंदरांतून यावेत. जूनअखेरीस तागाच्या वस्तू आणि काही कापडांवरही तसंच बंधन आलं, आणि त्यांच्यासाठी एकच दार ठेवलं, न्हावा शेवा. खुलन्याकडचा ताग, ज्याला हुगळीकाठच्या गिरण्या शेजारी आहेत, तो आता चितगावच्या जहाजात चढून, सबंध द्वीपकल्पाला वळसा घालून रायगड जिल्ह्यात उतरायचा. उरणच्या कंटेनर यार्डाला यातून थोडं काम मिळेल. बनगावच्या हमालाचं काम त्याच कलमाने गेलं आहे.

दोन देशांच्या भांडणात व्यापाराला ओढायचं की नाही, यावर राजकारणी वाद घालोत. निदान दोन गोष्टी आपल्या हातात आहेत आणि त्यांना ढाक्याच्या संमतीची गरज नाही. बंदी घालायचीच असेल तर शिपिंग बिल भरून जी गाडी निघाली आहे ती आपोआप पलीकडे जाईल, असं प्रत्येक अधिसूचनेतच लिहिलेलं असावं. २०२०सारखी पाच दिवसांनी मुभा नको. दुसरी गोष्ट संत्र्याची. बांगलादेशाचा अर्थसंकल्प जूनमध्ये मांडला जातो, नवं आयातशुल्क बहुतेक त्यातच ठरतं, आणि आंबियाची तोड सप्टेंबरनंतर सुरू होते. आपलं शिष्टमंडळ आणि आपली निवेदनं मात्र बागेत फळ लगडल्यावर नोव्हेंबरात हलतात. वरूडच्या बागायतदाराचं म्हणणं ढाक्यात मांडायचं असेल तर ते एप्रिल-मे महिन्यात, तिथल्या अर्थखात्याचे कागद तयार होत असताना मांडलं पाहिजे.