चिंध्यांची बाहुली आणि कापडी अस्वल

घरातल्या वस्तूंची यादी करायला बसलं, तर बहुतेक प्रत्येक वस्तूपुढं तिचं काम लिहिता येतं. पंखा वाऱ्यासाठी, डबा धान्यासाठी, खुंटी सदऱ्यासाठी. परंतु फळीवर पाय पसरून बसलेल्या कापडी अस्वलापुढं काय लिहायचं? ते ना पांघरायच्या कामाचं, ना उशाला घ्यायच्या. धूळ मात्र भरपूर खातं. तरीही दिवाळीच्या साफसफाईत ‘हे आता टाकून देऊ या’ असं कुणी म्हटलं, की घरातल्या एका माणसाचा चेहरा पडतो. आणि ते माणूस दर वेळी लहान मूलच असतं असं समजू नका.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ही मऊ खेळणी आता नवलाईची राहिलेली नाहीत. शेगावला दर्शन घेऊन परतताना, सैलानीच्या यात्रेत, खामगाव-मलकापूरच्या बाजारात दोरीला लटकलेली अस्वलं, ससे आणि हत्ती दिसतात. लोक त्या सगळ्यांना सरसकट ‘टेडी’ म्हणतात. महाविद्यालयात प्रवेशाचे दिवस आले म्हणजे मला एक दृश्य हमखास दिसतं. खेड्यावरून बाप येतो, त्याच्या खांद्यावर लेकीची वळकटी असते आणि त्या वळकटीतून एखाद्या सशाचा कान बाहेर डोकावत असतो. मुलगी तो कान घाईघाईनं आत ढकलते. ससा आणायची तिला गरज वाटते आणि तो दिसला तर लाजही वाटते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी का वाटतात, त्याचा आज थोडा विचार करू.

प्रथम या अस्वलाची जन्मकथा सांगतो. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले होते. शिकार मिळेना, तेव्हा बरोबरच्या लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधलं आणि ‘मारा’ म्हणाले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. ते अस्वल फार जखमी होतं आणि त्याचे हाल थांबावेत म्हणून पुढं ते मारण्यात आलं, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. क्लिफर्ड बेरीमन नावाच्या चित्रकारानं या प्रसंगावर व्यंगचित्र काढलं. ब्रुकलिनमधल्या मॉरिस मिचटम या दुकानदारानं आणि त्याच्या बायकोनं कापडी अस्वल शिवून त्याला अध्यक्षांचं लाडकं नाव दिलं, ‘टेडी’. त्याच सुमाराला जर्मनीत गिंगेन गावी मार्गारेटे श्टाइफ या बाईंच्या कारखान्यातही त्यांच्या पुतण्यानं हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. या बाई लहानपणी पोलिओ झाल्यामुळं चाकांच्या खुर्चीत बसून शिवणकाम करीत. १८८० साली त्यांनी लोकरी कापडाचे छोटे हत्ती शिवले होते, ते टाचण्या टोचून ठेवण्यासाठी. पण घराघरांतल्या मुलांनी ते पळविले आणि खेळायला घेतले. टाचण्यांच्या हत्तीचं खेळणं मुलांनी केलं, शिवणारीनं नव्हे. हे ध्यानात ठेवा, पुढं त्याचा उपयोग आहे.

आता या खेळण्यांची ओढ कशात आहे? पहिलं उत्तर कुणीही देईल, चेहऱ्यात. कोनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञानं १९४३ साली असं मांडलं, की मोठं डोकं, रुंद कपाळ, जरा खाली बसविलेले टपोरे डोळे, गुबगुबीत गाल आणि आखूड हातपाय, अशी ठेवण दिसली की माणसाच्या मनात आपोआप माया उपजते. तान्ह्या बाळाची हीच ठेवण असते, वासराची आणि कुत्र्याच्या पिल्लाचीही जवळपास हीच. १९८५ साली इंग्लंडात दोन संशोधकांनी जुनी-नवी टेडी अस्वलं मोजून पाहिली. त्यांना असं दिसलं, की सुरुवातीचं अस्वल लांब नाकाचं, खऱ्या अस्वलासारखं होतं. पुढं पुढं नाक आखूड होत गेलं आणि कपाळ मोठं झालं. बाजारात तान्हं तोंड खपतं, म्हणून कारखान्यानं तान्हं तोंड काढलं.

पण थांबा. १९९५ साली आणखी एक प्रयोग झाला. त्यात चार वर्षांच्या मुलांना या तान्ह्या तोंडाचं विशेष आकर्षण वाटलं नाही; ते सहा आणि आठ वर्षांच्या मुलांना वाटलं. म्हणजे तो चेहरा अगदी लहान मुलापेक्षा मोठ्या मुलाला, आणि अर्थातच पैसे देणाऱ्या मोठ्या माणसाला भुलवितो! आपल्याला याचा वेगळा पुरावा नको. आजीनं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची केलेली बाहुली आठवा. कपाशीच्या मुलखात आत भरायला कापूस विकत आणावा लागत नसे. गाठोड्याला दोरा गुंडाळून मान काढायची, काजळाचे दोन ठिपके म्हणजे डोळे, कुंकवाची रेघ म्हणजे तोंड. ना रुंद कपाळ, ना गुबगुबीत गाल. तरी त्या बाहुलीवर जीव टाकणाऱ्या पोरी आपण पाहिल्या आहेत. तेव्हा चेहरा विकत घ्यायला लावतो हे खरं, पण जीव लावणारी गोष्ट दुसरी आहे.

ती शोधण्यासाठी स्पर्शाकडं वळू. हॅरी हार्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं माकडांच्या पिलांवर केलेले प्रयोग १९५८ साली जगापुढं मांडले. प्रयोग निर्दय होते यात शंका नाही. आईपासून तोडलेल्या पिलांना त्यानं दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, एक मऊ कापडाची. तारेच्या आईपाशी दुधाची बाटली असली तरी पिलं दूध पिण्यापुरती तिच्याकडं जात आणि उरलेला दिवस कापडाच्या आईला बिलगून काढीत. आई म्हणजे केवळ दूध, असं त्या काळी पुष्कळ पंडित मानीत. त्या मताला या पिलांनी धक्का दिला.

त्याच दशकात डोनाल्ड विनिकट या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं याहून नाजूक गोष्ट सांगितली. १९५१ साली वाचलेला त्याचा निबंध १९५३ साली छापला गेला. त्याचं म्हणणं असं, की आई आणि आपण एक नाही, ती उठून जाऊ शकते, हे मुलाला हळूहळू उमगू लागतं. त्या अवघड काळात ते एखादी वस्तू धरतं. गोधडीचा कोपरा, पदराचा तुकडा, मऊ खेळणं. ती वस्तू आईही नसते आणि मूलही नसतं. दोघांमधल्या जागेवर ती असते. म्हणूनच आई नजरेआड गेली तरी मूल तग धरतं. विनिकटनं आयांची एक शहाणी सवयही नोंदविली आहे. मूल ज्या चिंधीला धरून झोपतं ती मळली, वास मारू लागली, तरी आई ती धूत नाही. कारण धुतली की मुलाच्या अनुभवाची साखळी तुटते. आपल्या आजीबायांनी हा निबंध वाचला नव्हता, पण ‘राहू दे गं, त्याला त्या वासाशिवाय झोप येत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी होतं.

२००८ साली तर मोठी मौज झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवून, यात घातलेल्या वस्तूची हुबेहूब दुसरी प्रत निघते, असं भासविण्यात आलं. इतर खेळण्यांची प्रत मुलांनी खुशाल घेतली. पण ज्याला कुशीत घेऊन ती झोपत, त्याची प्रत बहुतेकांना नको होती. काहींनी तर आपलं खेळणं यंत्रात ठेवूच दिलं नाही. तेव्हा मऊपणा आणि चेहरा यांच्या पलीकडं ‘हेच ते’ असं काहीतरी त्या खेळण्यात असतं. ते कारखान्यात भरता येत नाही, वापरून वापरून भरतं.

माझ्या मते याशिवाय आणखी एक कारण आहे. घरात सर्वांत लहान माणसाची स्थिती पाहा. त्याला सगळे भरवितात, सगळे उठवितात, सगळे रागावतात. त्याच्याहून लहान कुणी नाही. बाहुली हाती आली, की हा उलटा क्रम सुलटा होतो. आता ते भरवितं, ते निजवितं, ते रागावतं. स्वतःला अंधाराची भीती वाटते. पण ‘घाबरू नको, मी आहे ना’ असं बाहुलीला सांगताना त्याची भीती निम्मी होते. वसतिगृहात आलेल्या त्या मुलीचंही असंच आहे. तिचा ससा तिला सांभाळतो असं आपण म्हणतो. खरं म्हणजे सशाला सांभाळण्यातून ती स्वतःला सांभाळते.

आपल्या रीतिरिवाजांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते. मातीचे रंगविलेले भुलाबाई-भुलोजी आणि त्यांचा गणोबा कोनाड्यात मांडतात. महिनाभर रोज संध्याकाळी पोरी जमतात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली लेक. तिचं कोडकौतुक करायचं आणि कोजागिरीला तिला निरोप द्यायचा. पोळ्याला ज्यांच्या दावणीला बैल नसतात ते मातीचे बैल पूजतात. नागपूरकडं दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुलं लाकडी बैल सजवून घरोघर मिरवितात. मुलग्यांच्या हाती बाहुली नको असं म्हणणारा आपला समाज त्यांच्या हाती बैलाची दोरी देतो, आणि काम तेच करवितो. सजवा, भरवा, जपा.

आता संग्रहाकडं येऊ. एका बाहुलीवर जीव लावणं निराळं आणि शंभर खेळणी जमविणं निराळं. पण दोन्हींचा उगम पुष्कळदा एकच असतो. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. दिनकर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्यं, दरवाजे अशा वीस हजारांवर वस्तू गोळा केल्या. त्या संग्रहाला दिलेलं ‘राजा’ हे नाव कुणा संस्थानिकाचं नाही. ते त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं आहे, जो सातव्या वर्षी गेला. दिल्लीतलं बाहुल्यांचं संग्रहालयही असंच एका बाहुलीपासून सुरू झालं. व्यंगचित्रकार शंकर यांना हंगेरीच्या राजदूतानं मुलांच्या स्पर्धेत बक्षीस देण्यासाठी एक बाहुली दिली. ती त्यांना इतकी भावली, की ते देशोदेशींच्या बाहुल्या जमवू लागले, आणि १९६५ साली त्यांचं संग्रहालय उघडलं.

पण ही ओढ व्यापाऱ्यालाही ठाऊक आहे. १९९३ साली एका अमेरिकन कंपनीनं आत प्लॅस्टिकचे मणी भरलेली छोटी खेळणी काढली, ‘बीनी बेबीज’. काही प्रकार मुद्दाम बंद करायचे, म्हणजे उरलेले लोक धावत घेतील, ही त्यांची युक्ती. लोकांनी ती खेळणी म्हातारपणाची पुंजी म्हणून कपाटात कोंबली. १९९९ साली लास व्हेगासच्या न्यायालयात एका घटस्फोटित जोडप्यानं जमिनीवर बसून त्यांची वाटणी केली! पुढं भाव कोसळले. २०२५ साली गाजलेल्या ‘लाबूबू’ या दातवाल्या बाहुलीचा मार्ग जरा निराळा. ती बंद डब्यात विकतात. आत कोणती निघेल ते घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो पुन्हा एक डबा घेतो. अशा ढिगातल्या एकाही खेळण्याला मळायला, उसवायला, ‘हेच ते’ व्हायला सवड मिळत नाही. जमविणाऱ्याला हसू नका, पण त्यानं स्वतःला एवढं विचारावं, की यांतलं कुठलं हरवलं तर मला दुसरं चालणार नाही?

मग घरच्यांनी काय करावं? एक तर, न विचारता कुणाचंही खेळणं टाकू नये, भंगारात देऊ नये, की पाहुण्यांच्या पोराच्या हाती देऊ नये. मूल मोठं झालं की ते आपण होऊन बाजूला ठेवतं. ‘एवढी घोडी झालीस आणि बाहुली काय घेतेस’ हे वाक्य तर बोलूच नये. वसतिगृहातल्या सशाचा कान तेवढ्यासाठीच आत ढकलावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्या जिल्ह्यातून पुष्कळ आईबाप कामासाठी पुण्या-मुंबईला, सुरतेला किंवा ऊसतोडीला जातात. पोरं आजीपाशी राहतात. परत येताना बाप कनवटीचे पैसे मोडून पोराएवढं मोठं अस्वल आणतो. त्याच्या मायेला नाव ठेवायचं कारण नाही. पण ते अस्वल येतं बापाबरोबर, आणि मुलाला आधार हवा असतो बाप गेल्यावर. वर जे सांगितलं त्यातून एक साधा उपाय निघतो आणि त्याला पैसा लागत नाही. निघण्याआधी काही दिवस आईनं आपल्या नेसत्या साडीच्या तुकड्याची बाहुली शिवावी, मुलाला शेजारी बसवून शिवावी, काजळाचे डोळे त्यालाच काढू द्यावेत. आई निघून गेल्यावर आजीनं ती बाहुली धुण्याची घाई करू नये.