‘अलंकार ओळखा’ आणि आपण

गटाचा हिशेब मिटला की बैठकीत मुलांच्या अभ्यासाचं निघतंच. मराठीच्या पुस्तकातलं ‘अलंकार ओळखा’ आलं की पुष्कळ जणी म्हणतात, ‘आम्ही कुठं शिकलोय?’ आम्हाला हे पटत नाही. नावं शाळेतली असतील, माल आपल्या घरचा आहे.

‘सासूबाईंचा राग दुधासारखा, बघता बघता उतू जातो.’ असं आपण बोलतो की नाही? ही झाली उपमा. ज्याच्याबद्दल बोलतोय तो राग, म्हणजे उपमेय. ज्याच्याशी तुलना केली ते दूध, म्हणजे उपमान. उतू जाणं दोघांतही आहे, तो साधारण धर्म. आणि ‘सारखा’ हा साम्य दाखवणारा शब्द. मुलाला या चार गोष्टी एका वाक्यात शोधायला लावा, अर्धा धडा तिथंच झाला.

आता ‘हा राग म्हणजे जणू उतू जाणारं दूधच’ म्हटलं, तर ती उत्प्रेक्षा. ‘जणू’ ही तिची खूण. आणि ‘रागाचं दूध उतू गेलं’ म्हटलं, की राग वेगळा आणि दूध वेगळं राहिलंच नाही. ते रूपक. परीक्षेत मुलं इथंच गोंधळतात, म्हणून तिन्ही वाक्यं लागोपाठ म्हणून दाखवा. सासूबाई जवळपास नाहीत ना, तेवढं आधी बघा!

‘आज चूल रुसलीय’ ही चेतनगुणोक्ती, कारण निर्जीव चूल माणसासारखी वागते. एकच अक्षर पुन्हा पुन्हा येऊन नाद आला, तर अनुप्रास.

यमक तर ओवी म्हणणाऱ्या बाईला सांगायलाच नको. ओळीच्या शेवटी ‘माहेर’ आलं की पुढं ‘आहेर’ सुचतोच. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली त्यांचं पुस्तक निघू शकलं.

गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. ओव्या मात्र गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी अजून आहेत. मुलांना वही देऊन आजीजवळ बसवा. एवढंच सांभाळा, आजी म्हणेल तसंच लिहायचं. तिनं ‘आई’ला ‘न्हाई’ जुळवलं असेल आणि मुलानं शुद्ध म्हणून ‘नाही’ लिहिलं, तर यमक तिथंच मोडतं.