एपीएमसीच्या छपरावरचा पाऊस

मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली, की वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले पाणी सहजी उतरत नाही. व्यापाऱ्याला काळजी गोण्यांची. जलविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकासाठी मात्र हा आयताच हाती आलेला धडा आहे.

हिशेब अगदी सोपा. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला, धान्य असे पाच बाजार; सगळीकडे छपरे आणि काँक्रीट. तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला नव्वद टक्के वाहून गेला, तर एका हेक्टरवरून तासाभरात साडेचार लाख लिटर पाणी गटाराकडे धावते. तिथे मोकळी माती असती आणि तीस टक्केच पाणी वाहिले असते, तर हाच आकडा दीड लाखावर आला असता.

पण हे पाणी गटारातून जाणार कुठे? भरावाच्या सखल जमिनीवर नवी मुंबई वसवताना सिडकोने डच धर्तीवर धारण तलाव बांधले. भरतीला झडपा मिटतात, पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला खाडीत जाते. आता तलावांत गाळ साचला आहे, खारफुटीही वाढली आहे. गाळ काढावा तर खारफुटीला कायद्याचे संरक्षण! एकच बरोबर उत्तर नसलेला असा प्रश्न पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो.

जलविज्ञान शिकवायला ऑनलाइन साधने भरपूर आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची जलविज्ञानाची व्याख्याने फुकट आहेत. पण फळ्यावरचे सूत्र पडद्यावर आले, एवढ्याने फारसे काही बदलत नाही. अमेरिकेतल्या ‘हायड्रोलर्न’ची कल्पना त्याहून सरस: एका प्राध्यापकाने खऱ्या घटनेवर पाठ रचायचा, दुसऱ्याने तो आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्यायचा. शहरी पाण्याच्या निचऱ्याचे गणित मांडणारे ‘एसडब्ल्यूएमएम’ हे तिथल्या पर्यावरण संस्थेचे सॉफ्टवेअर १९७१पासूनचे, आणि तेही मोफत. भारतातल्या पाण्याची आकडेवारी इंडिया-डब्ल्यूआरआयएसवर मिळते.

आकडा कुठला घ्यायचा, हेही शिकवावेच लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला शंभरही नाही. मग वाशीसाठी कोणते पर्जन्यमापक धरणार?

नवी मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी भरतीचे वेळापत्रक, जवळच्या पर्जन्यमापकाची नोंद आणि ‘एसडब्ल्यूएमएम’ घेऊन एपीएमसीवरचा एक पाठ मराठीत रचावा आणि येत्या पावसाळ्याआधी सर्वांसाठी खुला करावा.